राहिलेले डोस आणि दोन देशांची वेळापत्रकं

कोरोनाच्या महामारीत तान्ह्या बाळाला लस द्यायला दवाखान्यात जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. इकडे अमेरिकेत तर मदतीला घरचं कुणी नसतं, त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' हे सहज तोंडून जातं. पण मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं थांबवायला सांगितल्या त्या फक्त लसीकरणाच्या सामूहिक मोहिमा. नियमित लसीकरण, जिथे सुरक्षितपणे शक्य आहे तिथे, चालूच ठेवा असं तेव्हाही सांगितलं होतं. तरीही २०२१ मध्ये जगभरातल्या सुमारे अडीच कोटी मुलांचे त्रिगुणीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस) डोस अपुरे राहिले किंवा अजिबातच झाले नाहीत.

जायच्या आधी फोन करा. निरोगी मुलांसाठी सकाळची वेळ वेगळी आहे का, गाडीतच टोचतात का, सोबत एकालाच येता येतं का, हे विचारून घ्या. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी लस देता येते. उगाच तारीख बदलू नका. बाळाला किंवा घरात कुणाला कोरोनाचा संसर्ग झाला असेल, तर मात्र विलगीकरण संपेपर्यंत थांबायचं, कारण तिथल्या बाकीच्या बाळांना धोका. आणि एका खेपेत जेवढ्या लसी बसतात तेवढ्या घ्या. एकाच मांडीत दोन सुया असतील तर दोन्हींत इंचभर अंतर ठेवतात. बाळ रडतं, पण पुढची खेप वाचते.

डोस चुकला तर मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. जिथे थांबलात तिथून पुढे. नियम आहे तो कमीत कमी अंतराचा: त्रिगुणीच्या पहिल्या तीन डोसांत किमान ४ आठवडे. गोवर आणि कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यायचे. अंतर वाढलं तर बिघडत नाही, कमी झालं तर तो डोस बाद धरू शकतात.

खरी घाई रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या लसीची. अमेरिकेत पहिला डोस १४ आठवडे ६ दिवसांच्या आत आणि शेवटचा ८ महिने पूर्ण होईपर्यंत. मोठ्या बाळात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकण्याचा धोका वाढू नये, म्हणून ही मर्यादा. ती ओलांडली की ही लस विसरायची. महामारीत दोन महिने घरी बसलेल्यांची हीच लस सर्वांत आधी हुकते.

विमानं बंद होऊन भारतात अडकलेल्या किंवा तिथेच जन्मलेल्या बाळांचं आणखी एक. दोन्ही वेळापत्रकं जुळत नाहीत. भारतात सरकारी केंद्रात ६, १०, १४ आठवड्यांना सुया. अमेरिकेत २, ४, ६ महिन्यांना. हे सहसा निभावतं. पण ९व्या महिन्यात दिलेली गोवर-रुबेलाची लस अमेरिकेत मोजत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतर दोन डोस लागतातच, शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो. पोलिओचे थेंबही तसेच: एप्रिल २०१६ पासून जगभर थेंबांतून पोलिओ विषाणूचा टाइप २ हा प्रकार काढून टाकला, म्हणून त्यानंतरचे थेंब अमेरिकेत धरत नाहीत, सुईचे डोस नव्याने घ्यावे लागतात. आजी-आजोबांना हे पटत नाही. 'अहो, सगळं झालंय की!' झालंय खरंच, पण अमेरिकेच्या हिशोबात नाही.

बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, अमेरिकेत सरसकट देत नाहीत. दिलेली असेल तर हातावर कोपराच्या खाली करतात ती त्वचेची क्षयरोग चाचणी उगाच सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी रक्तचाचणीचा आग्रह धरा.

शेवटी कार्ड. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, लसीचं नाव वाचता येईल असा. कंपनीचं नुसतं नाव लिहिलं असेल, तर त्या इंजेक्शनात कोणकोणत्या रोगांची लस आहे ते डॉक्टरांकडून शेजारी लिहून घ्या, कारण भारतातलं ब्रँडनाव अमेरिकेत सहसा कुणी ओळखत नाही. आणि तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. ४/६ म्हणजे आपल्याकडे चार जून, अमेरिकेतल्या नर्सच्या दृष्टीने सहा एप्रिल, आणि दोन महिन्यांच्या त्या फरकाने अंतराचा सगळा हिशोब चुकतो.