आमची वाटचाल: एक्सल सोपा, स्टेअरिंग अवघड

आम्ही ऑफरोड जाणाऱ्या पिकअपला पुढं सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड आस, बसवून देतो. आमच्या वर्कशॉपला फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पुढं कुठला एक्सल टाकू, डाना ४४ का डाना ६०?" डाना ही एक्सलची कंपनी, आकडे मॉडेलचे. फोन माझी बहीण घेते, तिचं उत्तरही ठरलेलं, "ते नंतर बघू भाऊ, आधी सांगा गाडी चालवणार कुठं, टायर केवढे घालणार, आणि गाडी रोज रस्त्यावर असते का ट्रेलरवर टाकून नेता." काही लोक इथंच वैतागतात. पण आमचा धंदा उभा राहिला तो या उलट्या प्रश्नांवरच, म्हणून वाटचाल लिहायची तर म्हटलं इथूनच सुरू करू.

ठरवून काहीच झालं नाही. मी फिटर, पार्टनर वेल्डर, साधं रिपेअरिंगचं गॅरेज होतं, क्लच, ब्रेक, पाटे, जे येईल ते. मग हळूहळू ऑफरोड जाणाऱ्या पिकअप यायला लागल्या आणि सगळ्यांचं दुखणं एकच, पुढचे सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकापर्यंत जोर नेणारे सांधे. पुढं आयएफएस, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र, त्यात मालकानं टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा पिळाचा दांडा) पिळून गाडी उचललेली, त्यामुळं सीव्हीचा शाफ्ट मुळातच तिरका, सांध्यावरचा रबरी बूट फाटणार, ग्रीस बाहेर, माती आत, आणि मग कुठल्यातरी दगडावर स्टेअरिंग पूर्ण कापून ॲक्सिलरेटर दाबला की कटाक. आम्ही शाफ्ट बदलून द्यायचो, काही महिन्यांनी तोच माणूस तेच दुखणं घेऊन परत. खरं तर गॅरेजवाल्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही, पण पार्टनरला ते बघवेना. म्हणाला, अरे याच्याखाली सरळ सॉलिड एक्सल घालू की.

हे काम काही आम्ही शोधून काढलेलं नाही. टोयोटाच्या पिकअपला अमेरिकेत १९८५ पर्यंत पुढं पाट्यांवरचा सॉलिड एक्सल होता, १९८६ पासून आयएफएस आलं, आणि तिथल्या लोकांनी जुन्या गाडीचा एक्सल काढून नव्या गाडीखाली घालायला सुरुवात केली. शेवरलेच्या मोठ्या फोर बाय फोर पिकअप १९८८ ला त्याच वाटेनं गेल्या. फोर्डनं १९८० ला एफ-१५० ला एक मधलाच प्रकार दिला, दोन लांब बीम एकमेकांना ओलांडून गेलेले, ना धड एक्सल ना धड स्वतंत्र. कंपन्यांचं काही चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. रस्त्यावर आयएफएस चांगलंच चालतं, एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळत नाही आणि स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वजनही कमी. वाळूत, मोकळ्या रानात वेगानं पळवणारा माणूस आला तर आम्ही आजही सांगतो, आहे ते ठेवा. सॉलिड एक्सलची मजा हळू चालण्यात आहे. एक चाक दगडावर चढलं की अख्खा एक्सल कलतो आणि दुसरं चाक आपोआप खाली दाबलं जातं, आणि गाडी कितीही दबली तरी डिफच्या, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, खालची जागा टायर ठरवतो तेवढीच राहते. आयएफएस दबलं की पोटही खाली येतं, नेमकं नको तेव्हा.

पहिली गाडी पार्टनरचीच घेतली. आधी टॉर्शन बार सैल करून ताण काढायचा, त्यात केवढी ताकद साठलेली असते हे ज्यानं पाहिलंय तो त्याच्यासमोर उभा राहत नाही. मग गॅस कटर, ग्राइंडर, आणि फ्रेमवरचे सगळे जुने ब्रॅकेट कापून घासून फ्रेम गुळगुळीत करायची. लोकांना वाटतं वेल्डिंगला वेळ जातो, वेळ जातो तो कापण्यात आणि घासण्यात. पुढं पाट्यांचे हँगर, मागं शॅकल (पाट्याच्या टोकाचा हलता दुवा), एक्सल खाली सरकवला, नवे यू-बोल्ट. यू-बोल्ट नवेच, जुने एकदा ताणलेले असतात, ते परत घट्ट धरत नाहीत. जुना एक्सल नव्या गाडीच्या मानानं अरुंद निघतो, टोयोटाच्या बाबतीत साधारण तीन इंचांनी, त्यामुळं पुढची चाकं आत आणि मागची बाहेर दिसतात, त्याला स्पेसर लावा नाहीतर रुंद एक्सल शोधा. गाडी उभी राहिली, फोटोत झकास दिसायला लागली, आणि बघणाऱ्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या.

पण वर्कशॉपला खरा धंदा दिला तो दुसरीकडून करून आलेल्या गाड्यांनी. वेल्डिंग देखणं, रंग झकास, आणि मालक चेहरा पाडून म्हणायचा, रस्त्यावर चालवायची भीती वाटते. एकाची गाडी खड्डा आला की स्वतःच वळायची, दुसऱ्याची सरळ रस्त्यावर दोन्हीकडं भटकायची, तिसऱ्याची ठराविक वेगाला पुढची चाकं अशी थडथडायची की थांबल्याशिवाय सुटका नाही. तिन्ही गाड्यांत एक्सल ठणठणीत होता. गडबड होती स्टेअरिंगची, आणि आमच्या डोक्यात पक्कं बसलं की एक्सल बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. गिऱ्हाईक पैसे एक्सलचे देतं, आपण विकतो स्टेअरिंग.

खड्ड्यात वळणारी गाडी घ्या. जुन्या टोयोटात ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा, गाडीच्या लांबीत पुढंमागं ढकलणारा असायचा. गाडी उंच केली की तो लिंक तिरका होतो, मग एक्सल वर गेला की लिंक नकलला, म्हणजे एक्सलच्या टोकाला चाकासकट वळणाऱ्या भागाला, ढकलतो, तुमचे हात जागच्या जागी पण चाक वळलेलं. यावर उपाय म्हणजे असा स्टेअरिंग बॉक्स ज्याचा पिटमन आर्म, म्हणजे बॉक्समधून निघणारा हात, आडवा फिरतो, आणि लिंक आडवा पलीकडच्या नकलपर्यंत, नकलच्या डोक्यावर आर्म लावून. गंमत म्हणजे १९८६ नंतरच्या आयएफएस पिकअपचाच स्टेअरिंग बॉक्स इथं कामाला येतो, जे सस्पेन्शन काढून फेकलं त्याच्यातलीच ही एक वस्तू ठेवायची. पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगवर गाडी केली तर एक्सल डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लागतो, आणि तो रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर हवेत, लांबीलाही जवळपास सारखे, म्हणजे दोघं एकाच कमानीत फिरतात. हे जमलं नाही तर बाकी कितीही महागाचा माल लावा, गाडी खड्ड्यात नाचणार.

थडथडणाऱ्या गाडीला लोक पहिला स्टेअरिंग डँपर, म्हणजे स्टेअरिंगचा शॉकॲब्सॉर्बर, लावतात. डँपरनं थडथड दबते, जात नाही. आम्ही आधी पॅनहार्डचे बोल्ट, टाय रॉडचे एंड, बॉल जॉइंट नाहीतर किंगपिनचे बेअरिंग, चाकांचा बॅलन्स बघतो, आणि मग कॅस्टर मोजतो. कॅस्टरवर मी तासभर बोलू शकतो, घरचे उठून जातात. थोडक्यात सांगतो. चाकानं वळून परत सरळ यावं यासाठी नकलचा वरचा भाग थोडा मागं कललेला लागतो, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही ५ ते ७ अंशांच्या मधे ठेवतो. आता गाडी उंच झाली की प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो, म्हणून माणूस एक्सल फिरवून पिनियनचं (डिफमधला, शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) तोंड ट्रान्सफर केसकडं, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीकडं, वर करतो, शाफ्ट खूश, पण नकलही एक्सलबरोबरच फिरतात, वरचा भाग पुढं येतो आणि कॅस्टर संपतो. उलटं केलं की कॅस्टर मिळतो आणि शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, रडतो. एकाच हाउसिंगमधून दोन्ही पाहिजे असेल तर टोकाचे नकल कापून, पाहिजे त्या कोनात फिरवून परत वेल्ड करावे लागतात. भटकणारी गाडी आली की बहुतेक वेळा हेच निघतं, शाफ्ट सुंदर आणि कॅस्टर शून्याच्या आसपास.

हे नकल फिरवायचं काम यायला लागलं तेव्हा आम्ही फिक्श्चर बांधलं आणि माझ्या मते वर्कशॉपचा सगळ्यात शहाणा खर्च तोच. जाड प्लेटचं टेबल, दोन्ही टोकांना हबच्या जागी डमी, डिफच्या जागी मधे सरळ बार. एक्सलची नळी वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकते, वरून मजबुतीची ट्रस लावली की वरची बाजू आखडते, टोकं वर उचलली जातात आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बिघडतो, आणि सॉलिड एक्सलला कॅम्बर नंतर पान्यानं फिरवून दुरुस्त होत नाही. म्हणून पार्टनर छोटे छोटे टाके मारतो, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, हात लावण्याइतकं गार होऊ देतो, मग पुढचा. डानाचं मधलं हाउसिंग बिडाचं असतं, त्याला नळी जोडायची तर आधी तापवून घ्यावं लागतं, थंड बिडावर मारलेलं वेल्ड शेजारून तडकतं. बघणाऱ्याला कंटाळा येतो. येऊ दे.

मग प्रश्न कुठला एक्सल. डाना ४४ चा क्राउन, म्हणजे डिफमधला मोठा गिअर, साडेआठ इंच, डाना ६० चा पावणेदहा, टोयोटाचा आठ. मोठं ते चांगलं असं नाही, डाना ६० वजनानं जड असतो आणि हलक्या गाडीखाली घातला तर पुढचं नाक उगाच जड होतं. ३५ इंची टायरपर्यंत आणि डोकं शांत ठेवून चालवणाऱ्याला चांगला ४४ पुरतो. त्याहून महत्त्वाचं, डिफ डावीकडं का उजवीकडं. ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूनं निघतो त्याच बाजूला डिफ पाहिजे. फोर्ड आणि जीप रँग्लरचे डावीकडं, जुन्या टोयोटा पिकअपचे उजवीकडं, हे न बघता स्वस्तात एक्सल उचलून आणणारे अजूनही येतात. पिनियन उंच असलेलं हाउसिंग मिळालं तर उत्तम, पुढच्या एक्सलला त्याचे दाते योग्य बाजूनं जोर घेतात आणि शाफ्टही सरळ राहतो.

गिअरचं गणित बहीण जॉब कार्डवर लिहून देते. गाडी ३१ इंची टायरवर ४.१० च्या गिअरला (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) चालत होती आणि आता ३५ घालायचेत, तर ४.१० गुणिले ३५ भागिले ३१, येतात ४.६३ च्या आसपास. म्हणजे ४.५६ घ्या, जड गाडी असेल तर ४.८८. आणि पुढं जो गिअर तोच मागं, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढचं मागच्याशी भांडतं आणि ट्रान्सफर केस मधे मरतो. हा दुसरा खर्च ऐकून निम्मी गिऱ्हाइकं तिथंच विचारात पडतात, ते बरंच आहे, अर्धी गाडी उघडल्यावर पडण्यापेक्षा.

मधल्या काळात ब्रॅकेटची किट विकायला लागलो, हँगर, शॅकल, बॉक्सच्या जागी फ्रेमला लावायची प्लेट आणि बोल्टसाठी आरपार जाणारी नळी, कारण ती नळी नसेल तर बोल्ट आवळताना फ्रेमची पेटी चेपते आणि मोठ्या टायरवर बॉक्सच्या भोवती फ्रेमला भेगा पडतात. किट चांगली चालली. पण फोनही वाढले, लोक रिकामी गाडी स्टँडवर उचलून, इंजिन बाहेर काढलेलं असताना ब्रॅकेट पक्के वेल्ड करायचे आणि मग विचारायचे पिनियनचा कोन का चुकला. आता किटबरोबर एक कागद जातो, त्यावर मोठ्या अक्षरात, गाडीत इंजिन, बंपर, विंच, जे वजन कायम राहणार ते सगळं ठेवून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून मगच मापं घ्या, तोपर्यंत फक्त टॅक, म्हणजे कच्चे टाके. आणि स्प्रिंग काढून एक्सल जॅकनं वरपर्यंत नेऊन बघा, डिफ इंजिनच्या ऑइल चेंबरला कुठं लागतो, टायर कुठं घासतो, ब्रेकचा होज कुठं ताणतो, त्याप्रमाणे एक्सलला वर अडवणारे बंप स्टॉप लावा.

नाही म्हणायलाही याच काळात शिकलो. स्वतः न उघडलेला एक्सल आम्ही बसवत नाही, मालक कितीही म्हणाला की चालू गाडीतला आहे. फुल हायड्रॉलिक स्टेअरिंग, म्हणजे स्टेअरिंग आणि चाकात लोखंडाचा काहीच जोड नाही, ते रस्त्यावरच्या गाडीला करत नाही. आणि कागदपत्रं आधी. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, कुठं इंजिनीअरचा दाखला लागतो, कुठं असा बदल चालतच नाही, ते मालकानं आधी बघून यायचं, फ्रेम कापल्यावर नाही. काही जण यामुळं दुसरीकडं गेले. त्यातले काही नंतर स्टेअरिंग दुरुस्तीला आमच्याकडं आले, त्यावर मी जास्त बोलत नाही.

सध्या हात अडकलेत ते रॅकवाल्या, म्हणजे दातेरी दांड्यानं चाकं वळवणाऱ्या, पिकअपमध्ये. या गाड्यांना स्टेअरिंग बॉक्सच नसतो, त्यामुळं बॉक्सची जागा शोधण्यापासून सुरुवात, पंपाचा दाब आणि प्रवाह त्या बॉक्सला पुरतो का ते बघणं, चाकाचे एबीएस सेन्सर नव्या हबवर बसवणं, सगळं नवीन. पुढं तीन लिंक आणि कॉइल करतोय, ऑइल चेंबर खाली लोंबतो म्हणून एक्सल थोडा पुढं सरकवलाय, तेवढ्यानं टायर फायरवॉलपासूनही सुटतो. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड समांतर येतायत पण लांबीत अजून फरक आहे, फ्रेमवरचा ब्रॅकेट बाहेर काढावा लागेल. तो जमला तर या गाडीचीही किट काढू, नाही जमला तर हे काम फक्त वर्कशॉपमध्येच करू, विकणार नाही.