छातीवर तीन पट्ट्या

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत बंड करून सत्तेवर आलेल्या इब्राहिम त्राओरेचा फोटो पाहिला की फौजेतून निवृत्त झालेली मंडळी मला हमखास विचारतात, "छातीवर तीन पट्ट्या? अहो, हा तर हवालदार!" कॅप्टन आहे म्हणावं, तर लगेच पुढचा प्रश्न: "मग कर्नल-जनरल काय करत होते?"

पट्ट्यांचं सोपं आहे. आपल्याकडे हवालदाराच्या बाहीवर तीन फिती आणि कॅप्टनच्या खांद्यावर तीन स्टार, कारण आपली पद्धत ब्रिटिशांची. बुर्किना फासो फ्रेंचांची वसाहत होता. तिथं अधिकाऱ्याचा हुद्दा आडव्या पट्ट्यांत मोजतात: लेफ्टनंटला दोन, कॅप्टनला तीन, आपल्या मेजरच्या तोडीच्या कमांडंटला चार. लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल दोघांनाही पाचच. कर्नलच्या पाचही एका रंगाच्या, लेफ्टनंट कर्नलच्या सोनेरी-रुपेरी मिसळलेल्या. लांबून ओळखून दाखवा! स्टार मिळतात ते जनरल झाल्यावरच, आणि तेही एकदम दोनपासून.

कर्नल काय करत होते, हे मात्र इनाताला विचारावं लागेल. उत्तरेकडच्या या ठाण्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिहादींनी हल्ला करून ५०च्या आसपास माणसं मारली. ठाण्यातला शिधा आधीच संपला होता. जवान शिकार करून पोट भरत होते. त्या संतापाच्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये लेफ्टनंट कर्नल दामिबानं राष्ट्राध्यक्ष काबोरेंना हटवलं. हल्ले काही थांबेनात, तेव्हा ३० सप्टेंबरला त्राओरेनं दामिबालाच हटवलं. वय ३४, तोफखान्यातला अधिकारी. जवानांबरोबर रानात असतो तो कॅप्टन. राजधानीतल्या वरिष्ठांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

शेजारच्या मालीत २०१२ मध्ये कॅप्टन सानोगोनं सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी तो थेट चार स्टारचा जनरल झाला. तिथलाच कर्नल गोइता २०२४ मध्ये पाच स्टारवर पोचला. त्राओरेनं सत्ता हाती आल्यावरही कॅप्टन हाच हुद्दा ठेवला. त्यात हिशेब आहेच: १९८३ मध्ये सत्तेवर आलेला आणि देशाला आजचं नाव देणारा थॉमस संकारा कॅप्टनच होता, आणि आजही तिथल्या तरुणांचा तो लाडका.

पण पट्ट्या कमी म्हणून माणूस साधा, असं मला कुणी सांगू नये. १९८७ मध्ये ज्या बंडात संकारा मारला गेला, त्यातून सत्तेवर आलेला ब्लेझ काँपाओरेही कॅप्टनच होता. तो २७ वर्षं खुर्चीवर बसला.