एम८१ भोवतीची धूळ: नकाशात अंधार, जागेवर उजेड

एम८१ या दीर्घिकेच्या आसपास दिसणाऱ्या अतिमंद धुळीचा फोटो काढायचा होता. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशात पठार जवळजवळ काळं होतं. त्या भरवशावर माउंट (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा स्टँड), बॅटरी, सगळं पाठीवर टाकून वर गेलो. नकाशाचा आकडा २१.७ (आकाशाची उजळता प्रतींत; आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त). अंधार पडल्यावर स्काय क्वालिटी मीटर, म्हणजे हीच उजळता मोजणारं उपकरण, डोक्यावर धरला तर २१.२, उत्तरेकडे वळवला तर २०.५! एका प्रतीचा फरक म्हणजे आकाश अडीचपट उजळ, आणि तेवढ्याच दर्जाच्या फोटोला एक्स्पोजरही अडीचपट.

हे नकाशे उपग्रहाच्या मोजणीवरून करतात. त्या सेन्सरला साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरचाच प्रकाश कळतो. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग सुटतो. त्यामुळे पिवळे सोडियम दिवे जाऊन एलईडी आले की गाव नकाशात मंद होतं आणि जागेवर डोळ्यांत खुपतं. शिवाय आकडा माथ्यावरचा. उत्तरेला काय पेटलंय ते त्यात येत नाही. एम८१ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) +६९°, म्हणजे विषुववृत्ताच्या जितके जवळ राहाल तितकं ते उत्तर क्षितिजाकडे उतरलेलं. म्हणून उत्तरेला वस्ती असलेली जागा या कामाला बाद. बाकीचं आकाश कितीही सुंदर असो.

मृग नक्षत्रातला तेजोमेघ असता तर एवढी चिडचिड केली नसती. पण ही धूळ एखाद्या ताऱ्याने नव्हे, आपल्या अख्ख्या आकाशगंगेच्या एकत्रित उजेडाने उजळते. तिचा उजेड चांगल्या अंधाऱ्या आकाशाच्याही जेमतेम काही टक्के. ड्युअल बँड फिल्टर (फक्त दोन अरुंद रंगपट्टेच आत सोडणारा) घरीच ठेवा: धूळ सगळ्याच रंगांत परावर्तन करते, फिल्टर उजेडाबरोबर तिलाही कापतो. चंद्र असेल तर निघूच नका. एफ/२.८ची लेन्स असेल तर तीच आणा, एफ/५.६ला चौपट वेळ जातो. ड्यू हीटरचा पट्टा अंधार पडायच्या आधीच बांधा. काचेवर दव धरलं की ताऱ्यांभोवती जी पिसाट वलयं येतात, ती पुढे धूळ म्हणून खपतात.

खरा छळ प्रोसेसिंगचा. ग्रेडियंट (फोटोभर पसरलेला असमान उजेड) काढताना पार्श्वभूमी मोजायचा नमुना बिंदू धुळीवर पडला की सॉफ्टवेअर धूळच पुसतं आणि वर गुळगुळीत काळं आकाश हातात देतं. ऑटोमॅटिक पर्याय वापरूच नका. आयआरएएस उपग्रहाने १९८३ मध्ये १०० मायक्रॉनला, म्हणजे धूळ स्वतः चमकते त्या अवरक्त प्रकाशात, केलेली पाहणी शेजारी उघडा आणि तिथे जो भाग काळा दिसतो, फक्त तिथेच बिंदू ठेवा. तुमच्या फोटोतला ढग त्या नकाशात नसेल तर आधी फ्लॅट (लेन्सचे डाग आणि काळपट कडा काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) तपासा, मग आनंद करा.

पुढची रात्र टेकडीआड काढली. उत्तरेचा उजेड झाकला गेला, काम झालं. तिथली वाट शेवटी नुसता मुरूम आहे, पाय घसरतो. माउंट आणि काउंटरवेट (त्याचा तोल साधणारं वजन) वेगवेगळ्या खेपेत न्या.