तो वात, ती वात

गुडघ्यासाठी वैद्यांकडे गेले होते. श्रावणातली दुपार, चारचा सुमार, बाहेर पावसाची रिपरिप. समोरच्या इमारतीत कुणीतरी न्हाणीघराच्या फरश्या फोडायला काढल्या होत्या. ड्रिल थांबलं की वाटायचं, सुटलो. मग तो माणूस बहुधा दम खाऊन, दुप्पट जोमानं सुरू करायचा. वैद्यांनी माझी नाडी धरली होती आणि डोळे मिटले होते. मला काही राहवेना. म्हटलं, "वात आणलाय हो नुसता या माणसानं."

डोळे न उघडता वैद्य म्हणाले, "त्यानं कशाला आणायला हवा? तुमच्याकडे आहेच की."

आणि केसपेपरवर त्यांनी लिहिलं, 'वातप्रकोप'.

मी उगाच ओशाळले. आयुष्यभर मी हा शब्द येताजाता वापरत आले आहे. रिक्षावाल्यांनी वात आणला, बँकेच्या फोनांनी आणला, नवऱ्याच्या घोरण्यानं आणला. हा एक खराखुरा आजार आहे, शरीरात एक गोष्ट वाजवीपेक्षा जास्त झाली की होतो, हे माहीत नव्हतं असं नाही. पण देवघरातल्या गणपतीला रोज फूल वाहताना त्याच्या सोंडेकडे आपण कुठे निरखून बघतो?

वैद्य गप्पिष्ट निघाले. पावसामुळे दुसरं कुणी रांगेत नव्हतं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याचा अर्धा श्लोक त्यांनी म्हणून दाखवला. वयाचा, दिवसाचा, रात्रीचा आणि जेवण पचण्याचा, प्रत्येकाचा शेवटचा भाग वाताचा, मधला पित्ताचा, सुरुवातीचा कफाचा. शिवाय वात साठतो उन्हाळ्यात आणि उसळतो पावसाळ्यात. "म्हणजे बघा," बोटं मोडत ते म्हणाले, "ऋतू वाताचा, वेळ वाताची आणि वय..." इथे ते सभ्यपणे थांबले. मी म्हटलं, "कळलं. पुढे सांगा."

पुढचं जास्त मजेचं होतं. चरकानं वाताचे विकार मोजलेत ऐंशी. पित्ताचे चाळीस, कफाचे वीस. वाताच्या यादीची सुरुवात होते नखं फुटण्यापासून, मग पाय, घोटे, गुडघे करत ती वर चढत जाते आणि शेवटाला येतं काय, तर जांभई, उचकी, विषाद, झोप न लागणं, चित्त थाऱ्यावर नसणं. आणि अतिप्रलाप. म्हणजे अती बडबड. मी हसले ते वैद्यांना कळलं नाही. बोलून बोलून समोरच्याला वात आणणारा माणूस हा मुळात स्वतःच वाताचा रोगी, असं चरक सांगून बसलाय. आपण मात्र त्याची सगळी बडबड ऐकून घेतो, वर वात आल्याचं आपणच जाहीर करतो. रोग त्याचा, तक्रार आपली. 'मी वात आणला' असं कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. तो नेहमी दुसऱ्यानं आणलेला असतो, लग्नातल्या नको असलेल्या आहेरासारखा.

तीन भावंडांत नशीब याचंच फळफळलं. पित्ताला 'खवळणं' मिळालं, तेवढ्यावर ते रागाच्या घरात शिरलं. बाकी ते आपलं आवळ्याच्या सुपारीशी आणि सकाळच्या उलटीशी इमान राखून आहे. कफ बिचारा घशातच राहिला. कुणी 'कफ आणला' म्हणत नाही, आणला तरी तो खाकरून टाकतात. वात मात्र घरभर. हिंदीतला बावला याच घरचा. संस्कृत 'वातुल', म्हणजे वारं भरलेला, वेडा, तो झिजत झिजत बावला झाला. आपला बावळट त्याचा चुलतभाऊ शोभावा. स्वयंपाकघरात वाल, पावटे, वाटाणे हे 'वातूळ'. आणि नुसत्या वाऱ्यावर भागवायचं तर कानात वारं गेलेलं वासरू आहेच.

परवा भाची कुठल्याशा परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करत होती. 'प्लेथोरा' म्हणजे रेलचेल. तिला म्हटलं, अगं, तो वैद्यांचा शब्द होता. अंगात रक्त फार झालं की त्याला युरोपात प्लेथोरा म्हणत, आणि शीर कापून ते वाहू देत. ती म्हणाली, "मावशी, हे परीक्षेला नाहीये." बरोबर आहे तिचं. रेलचेल म्हणताना रक्ताचं भांडं कुणाला आठवावं?

प्रकोपाबद्दल मात्र माझं एक जुनं दुखणं आहे. पेपरवाल्यांना तो शब्द कुणीतरी घाऊक भावात विकलाय. थंडीचा प्रकोप, डेंग्यूचा प्रकोप, अळीचा प्रकोप. सुश्रुताकडे रोगाच्या सहा पायऱ्या आहेत: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. प्रकोप नुसती दुसरी. तिथे दोष भांड्यात उकळी फुटल्यासारखा खवळतो, पण अजून उतू गेलेला नसतो. पेपरात प्रकोप छापून येतो तोवर सगळं उतू जाऊन ओटा पुसून झालेला असतो. त्यातली पाचवी पायरी मला फार आवडली. रोग पूर्ण रूपानं समोर येऊन उभा राहतो, तिचं नाव व्यक्ती. काही व्यक्ती दारात उभ्या राहिल्या की सुश्रुत पटतो.

पण खरं म्हणजे मला त्या दुपारी आठवत होती ती आजी.

वाईला आमच्या वाड्यात दुपारची जेवणं उरकली की सगळे आडवे व्हायचे. आजी तेवढी ओटीवर भिंतीला टेकून वाती वळत बसायची. तिनं लक्षवातींचं घेतलं होतं. लाख वाती! चातुर्मासातच वळायच्या म्हटलं तर रोजच्या आठशे तेहतीस होतात, हे आजोबांनी भागाकार करून दाखवलं होतं, म्हणून तिनं आदल्या दिवाळीपासूनच सुरुवात केली होती. एका बाजूला सरकी काढून पिंजलेला कापूस, दुसऱ्या बाजूला वाटीत चिमूटभर राख. राखेत बोटं टेकवायची, कापसाची पेळ ओढायची, अंगठा आणि तर्जनीत तिला पीळ द्यायचा. पीळ बसताना एक बारीक कुरकुर आवाज यायचा, तो फक्त मला आणि तिला ऐकू येई. वळलेली वात समोरच्या ताटलीत, आणि तोंडानं मोजणं.

मला दुपारी झोप येत नसे. मी तिच्या पुढ्यात जाऊन बसायची आणि विचारायची. कापूस कुठून येतो? फुलवातीला तूप आणि समईला तेल का? लाख वाती एकदम पेटवल्या तर वाडा पेटेल का? मोजणं चुकायचं. आजी दहापर्यंत मागे जाऊन परत धरायची, मी परत विचारायची. शेवटी एकदा ती कडाडली, "कार्टे, वात आणलास अगदी!"

मी उठले. देवघरात गेले, निरांजनातली तुपात भिजलेली फुलवात काढली आणि तिच्या हातावर नेऊन ठेवली. तूप माझ्या फ्रॉकवर, कोपरापर्यंत, वाटेतल्या फरशीवर.

आजी आधी त्या वातीकडे बघत राहिली, मग हसायला लागली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, कारण आत माणसं झोपली होती. राखेचं बोट गालाला लागून गालावर पट्टा उठला. आजोबा झोपलेले नव्हते. माजघरातून त्यांचा आवाज आला, "आणला म्हणाली ती, आणली नाही. लिंग बघ. तो वात, ती वात." शाळामास्तर होते. नातीनं देवापुढची वात काढली यापेक्षा तिचं व्याकरण कच्चं निघालं, हे त्यांना लागलं असावं.

पुढे घरात ते वाक्यच झालं. मी काही हट्ट धरला की कुणीतरी विचारायचं, "तो का ती?"

वैद्यांनी तिळाचं तेल सांगितलं, कोमट करून लावायला. थंड, शिळं, कोरडं नको, रात्रीचं जागरण नको. वाल-पावटे बंद. वाल बंद म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण ते म्हणाले, "बिरड्याचं थोडं चालेल. कधीतरी." समोरचं ड्रिल तोवर थांबलं होतं.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ताप उतरत नव्हता म्हणून तिला तिथल्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा ती काहीतरी पुटपुटत होती. डॉक्टर म्हणाले, सोडियम उतरलंय, त्यामुळे भ्रम होतोय. ते गेल्यावर काकू मला हळूच म्हणाली, "आईंना वात झालाय गं. काल रात्रीपासून. माणसं ओळखत नाहीत."

मी जवळ जाऊन कान दिला. आकडे होते. सत्तावन, अठ्ठावन, मग मागे पन्नास, परत एकावन. डाव्या हाताला सलाईन होती. उजव्या हातानं तिनं चादरीची कड धरली होती, अंगठा आणि तर्जनीत, आणि ती पीळ देत होती. काकूनं दोनदा तो हात सोडवून पांघरुणात घातला. तो परत बाहेर आला.

मी स्टूल ओढून बसले. काही विचारलं नाही. कडेचा एक दोरा तिनं सुटा केला होता. चांगला लांब निघाला होता, समईला पुरेल एवढा.