आमची वाटचाल : नकाशापासून निर्णयवहीपर्यंत

संस्थांची सेवा कशी चालते ते नकाशावर मांडून ती सुधारायला मदत करणं हा आमच्या फर्मचा धंदा. तो नकाशा देखणा झाला होता. सहा मीटर कागदावर एका संस्थेची अख्खी सेवा आम्ही मांडली होती. संचालक मंडळानं तोंडभरून कौतुक केलं आणि नकाशा गुंडाळून कपाटात गेला. पुढचं काम एका बड्या सल्लागार कंपनीला मिळालं. त्यांच्या स्लाइड्समध्ये आमच्याच ओळी होत्या, फक्त रंग बदललेले. फर्मला टाळं लागायची वेळ आली होती. ते शल्य अजून गेलेलं नाही.

पण नकाशातही खोट होती. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये मांडलेली सर्व्हिस ब्लूप्रिंट, म्हणजे सेवेचा टप्प्याटप्प्यानं काढलेला आराखडा, या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असते : वर ग्राहकाची कृती, मग दृश्यरेषा (ग्राहकाला दिसतं ते हिच्या वरच संपतं), तिच्याखाली पडद्यामागचं काम. आम्ही तिथंच थांबलो होतो. आता सर्वांत खाली ‘निर्णय’ ही आणखी एक ओळ असते. या टप्प्यावर सही कोणाची, तो रजेवर असेल तर कोणाची, आणि सही किती दिवस अडते? बहुतेक संस्थांची गाडी याच ओळीत रुतलेली दिसते.

ही ओळ आम्हाला सुचली ती आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक बाईंमुळे. त्या एका वितरण संस्थेचं कामकाज सांभाळतात. नकाशा बघून त्यांनी स्वतःची वही पुढे केली. पाच रकाने : तारीख, निर्णय, तो कशाच्या भरवशावर घेतला, जबाबदार कोण, पुन्हा कधी तपासायचा. तिसरा रकाना लाखमोलाचा. गृहीतक कोसळलं की निर्णय आपोआप फेरविचाराला येतो, कोणाची चूक काढत बसावं लागत नाही. पडत्या काळात त्यांनीच काम दिलं. नंतरची वर्षं सुरळीत गेली.

नकाशासाठी सगळ्यांना बसवून भिंतीवर चिकटचिठ्ठ्या लावतो, त्या कामाबद्दल थोडं सांगतोच. चिठ्ठी गठ्ठ्यातून खालून वर ओढू नका, आडवी सोलून काढा. नाहीतर ती वळते आणि दुपारपर्यंत जमिनीवर येते. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण, तेही क्रियापदासकट. ‘संवाद’ असं लिहिलेली चिठ्ठी कुचकामी. ‘गोदामाला बदल दुसऱ्या दिवशी कळतो’ ही कामाची. पहिली सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, आणि साहेबांची चिठ्ठी सर्वांत शेवटी लागते. ती आधी लागली की बाकीचे तिचीच नक्कल करतात.

भविष्यचित्रं, म्हणजे पुढं काय काय घडू शकतं त्याची चित्रं, तीन कधीच करू नका. चांगलं, वाईट, मधलं असं मांडलं की सगळे मधलं उचलतात. दोन मोठ्या अनिश्चितता आडव्या-उभ्या अक्षांवर घ्या, म्हणजे चार चित्रं मिळतात. मात्र ते अक्ष एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. मागणी आणि विक्री असे अक्ष घेतले तर दोन चौकोन रिकामेच राहतात. मग प्रत्येक चित्रात आजचा बेत ठेवून बघायचा. चारही ठिकाणी तगणारी कामं लगेच सुरू करायची. एकाच ठिकाणी चालणाऱ्या कामाचा आधी छोटा प्रयोग, एका शाखेत, दोन आठवडे. कोणता आकडा दिसला की प्रयोग थांबवायचा, ते सुरुवातीलाच लिहून त्यावर सही घ्यायची. ते नंतर ठरवायचं म्हटलं की प्रत्येक आकड्याला सबब सापडते.

ती सही नसेल तर आम्ही काम सुरू करत नाही. त्यापायी दोन कामं त्याच बड्या कंपनीकडे गेली. वितरण संस्थेची निर्णयवही मात्र आता चौथी चालू आहे, आणि तिसरा रकाना बाईंनी रुंद करून घेतला आहे.