नको कसं म्हणायचं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज लेकाची पुण्यातली खोली ठरवून आलो. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, एका काकूंच्या घरी. काकू फार लाघवी. दार उघडताच "या, वाटच बघत होते" म्हणाल्या आणि विचारायच्या आत चहा टाकला. आमचं पोर जन्मात चहाला शिवत नाही. तिथे मात्र निमूट अख्खा कप संपवला. खाली उतरल्यावर विचारलं, तर म्हणे, "त्यांनी केला होता ना. नको कसं म्हणायचं?"

मी हसले. पण एसटीत बसल्यापासून एकच कथा डोक्यात. ब्रिटिश लेखक रोआल्ड डालची 'द लँडलेडी', १९५९ साली 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकात आलेली. घरी आल्या आल्या कपाटातून काढून पुन्हा वाचली. कॉलेजात वाचली तेव्हा मला ती त्या बाईची, मुक्कामाला आलेल्या पोरांना मारून त्यांच्यात पेंढा भरणाऱ्या घरमालकिणीची, गोष्ट वाटली होती. आज सगळं लक्ष त्या पोराकडेच.

बिली वीव्हर. वय १७. नोकरीसाठी लंडनहून बाथ शहरात आलेला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत मुक्काम शोधतोय. ऑफिसातले बडे साहेब झपाझप चालतात म्हणून हाही झपाझप चालतो! नवा ओव्हरकोट, नवी हॅट, मोठं व्हायची घाई. खिडकीतली पाटी बघून बेल दाबतो. बटणावरचं बोट काढायच्या आत दार उघडतं. समोर पंचेचाळीस-पन्नाशीची, गुलाबी चेहऱ्याची बाई. त्याला ती सुट्टीत घरी बोलावणाऱ्या मित्राच्या आईसारखी वाटते. इथेच मी थबकले. मित्राच्या आईबद्दल कुणी शंका घेतं का?

आणि भाडं साडेपाच शिलिंग, त्याच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. वर बाई म्हणते, सध्या अंडी महाग आहेत, नाश्त्याला अंडं नको असेल तर सहा पेन्स कमी घेईन. ज्याला ती उद्याचा नाश्ता बघू देणार नाही, त्याच्याशी अंड्याचा हिशेब! बाई थोडी चक्रम आहे हे बिलीला कळतं. पण इतक्या स्वस्तात कोण कटकट करतो?

ती त्याला फारसं काही खोटं सांगतच नाही, याचा मला सगळ्यात जास्त काटा येतो. वहीत नाव लिहा म्हणते, कायदाच आहे, तो कशाला मोडा. शिवाय पुढे तुमचं नाव विसरले तर वहीत बघता येईल. वहीत आधीची दोनच नावं, दोन-तीन वर्षांपूर्वीची. त्यातला एक निघून गेला असेल असं बिली गृहीत धरतो, तर ही म्हणते, छे, गेला कुठे? इथेच आहे. दोघंही वरच्या मजल्यावर आहेत. एवढं सांगून झाल्यावर ती बिलीच्या दातांचं कौतुक करते, आणि हा बिचारा लाजून सांगतो की मागच्या दाढांत पुष्कळ फिलिंग आहेत. पेंढा भरणारी बाई माल पारखतेय आणि माल विनयाने स्वतःची खोट दाखवतोय.

शेकोटीपुढचा कुत्रा आणि पिंजऱ्यातला पोपट दोन्ही मेलेले, तिनेच पेंढा भरून ठेवलेले. हे कळल्यावर बिली काय करतो? कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवतो, पाठ थंड आणि टणक लागते, आणि तो तिच्या हातच्या कसबाची तारीफ करतो. चहाला कडू बदामाची पुसट चव येते. ही खूण सायनाइड या विषाची, पण तो शब्द डाल कुठेच लिहीत नाही. बिलीला ती चव आवडत नाही, दुसरा कप तो नको म्हणतो. पण पहिला पोटात गेलेला असतो.

कॉलेजात आम्ही त्याला बावळट ठरवून मोकळे झालो होतो. आता तसं म्हणवत नाही. त्याला दिसतं सगळं, वासही येतो, वहीतली नावं कुठेतरी, बहुधा पेपरात, वाचल्याचंही आठवत असतं. नडते ती भीड. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. पण त्याच आजीने आम्हाला मोठ्यांना उलट विचारायचं नाही हेही शिकवलं, आणि मी ते जसंच्या तसं लेकाला शिकवलं.

आमच्या काकूंकडे कुत्रा नाही, पोपट नाही. पोलिसांकडे नोंद करायची म्हणून त्यांनी आधारची झेरॉक्स मागितली तेव्हा मात्र मला उगाच खुदकन हसू आलं. साध्या, भल्या बाई आहेत.

आत्ता ह्यांनी विचारलं, "डिपॉझिट परत कधी देणार म्हणाल्या?" दोन महिन्यांचं भाडं देऊन आले आणि हे विचारलंच नाही. विचारणार होते. पण तेवढ्यात त्यांनी शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली.