दिघा गावाचं चित्र

नवी मुंबईतल्या रेल्वे स्टेशनांची चित्रं काढायची असं मी २०२२च्या पावसाळ्यात ठरवलं. नेरुळहून तुर्भ्याला रोजचं जाणं-येणं. मुंबईतल्या स्टेशनांपुढे ही स्टेशनं अवाढव्य. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं गर्दी यायच्या आधीच बांधून ठेवलेली, उंच छपरांची. वाशी-बेलापूरला तर वर ऑफिसंसुद्धा. एवढ्या मोठ्या जागेत माणूस मुंगीएवढा दिसतो, ते मला कागदावर हवं होतं.

वाशी ते पनवेल दहा आणि ठाण्याच्या बाजूची तुर्भे ते ऐरोली पाच, अशी पंधरा नावं वहीच्या मागच्या पानावर लिहिली. पंधरा झाली की संपलं. हिशेब सोपा.

सुरुवातीची चित्रं झपाटल्यासारखी झाली. जुईनगरला पावसाची झड आत आली, शाई पसरली आणि खांब पाय सुजल्यासारखे दिसायला लागले. ते चित्र अजून माझं सगळ्यात लाडकं आहे. मधली कधी झाली ते आठवतही नाही. पंधरावं, ऐरोलीचं, डिसेंबर २०२३मध्ये उरकलं. ‘उरकलं’ हाच शब्द मी तेव्हा वापरला होता. तिथेच कान टवकारायला हवे होते.

आणि १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशनचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी खारकोपरच्या पुढची, उरणपर्यंतची लाइनही. माझी यादी एका दिवसात लांबली.

मैत्रीण म्हणाली, “मग काढ की! त्या जपानी चित्रकारानं, होकुसाईनं, फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं काढली, खपली म्हणून आणखी दहा घातली. नाव छत्तीसच राहिलं.” खरं आहे ते. पण त्याच्या मागे प्रकाशक होता. माझ्या मागे फक्त ते मागचं पान.

तरी एका रविवारी दिघ्याला गेले. दोन तास बसले. रेषा सरळ, उंची बरोबर, सावल्या जिथल्या तिथे, आणि चित्रात जीव नाही. गाडीत बसल्यापासूनच ते मला तयार दिसत होतं: एका बाजूला जिना, वर छप्पर, खाली दोन माणसं तोंडी लावायला. तसंच्या तसं उतरलं. जुईनगरला जाताना मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

घरी येऊन सगळी सोळा चित्रं ओळीनं फरशीवर मांडली. सासूबाई चहाचा कप घेऊन वाकून बघत राहिल्या. मग पायाच्या अंगठ्यानं दाखवत म्हणाल्या, “इथपर्यंत स्टेशनं आहेत. पुढे माणसंच आहेत की गं.”

अंगठा खारघरवर होता. सातवं चित्र.

पुढचं मानसरोवर पाहिलं, तर बॅग पोटाशी धरून पेंगणारा पोरगा. कोपरखैरण्याला भाजीच्या पिशवीवर डोकं टेकलेली बाई, आणि स्टेशन म्हणून मागे एक खांब. घणसोलीत तर खांबही अर्धाच. स्टेशनांशी माझं बोलणं सातव्या चित्रातच संपलं होतं. पुढची आठ मी वाट बघणारी माणसं काढत होते आणि यादीला बरं वाटावं म्हणून मागे इमारत चिकटवत होते. दिघ्याला नेमकं उलटं केलं. इमारत प्रामाणिकपणे काढली आणि माणसं चिकटवली.

लगेच काही ठरवलं नाही. महिनाभर वही कपाटात ठेवली. एकदा उरणला जाऊनही आले, मुद्दाम वही न घेता. सबंध प्रवासात तिची आठवण झाली नाही. मग स्टेशनांची मालिका सातवर बंद केली. मैत्रीण हळहळली, “सातच? कॅलेंडरसुद्धा व्हायचं नाही!” दिघ्याचं चित्र फाडलं नाही. मागची बाजू कोरी आहे, निब तपासायला कामी येते.

माणसांची वही वेगळी केली आहे. तिला यादी नाही. परवा संध्याकाळी तुर्भ्याला लेडीज डब्यात चढले, तर समोर एक मावशी मांडीवर पेपर पसरून गवार निवडत होत्या. चार रेघा ओढते तोच त्यांनी मान वर केली.

“मला काढताय? काढा. पण जुईनगरला उतरणार मी, त्याच्या आत काय ते करा.”

तुर्भे ते जुईनगर एकच स्टेशन. हात झाले, गवार झाली. नाक राहिलं.